जावेचं निर्मळ रान

मी माझ्या रानात उभी राहिले तरी माझी नजर आधी जावेच्या रानात जाते. ही खोड आजची नाही. सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघाले की उकिरड्यापाशी थांबून मी तिकडे एकदा बघून घेते. कोण आलंय, मोटर कुणाची चालू आहे, तिच्या रानात किती बायका वाकलेल्या आहेत. मग माझं स्वतःचं रान बघते. नवरा म्हणतो, देवानं तुझी मान एकाच बाजूला वळेल अशी बसवलीय. तो साखर कारखान्यात पाळीनं कामाला जातो, त्याला असलं बोलायला सुचतं. रान बघायचं ते मलाच.

आमचं गाव नेवाशाच्या बाजूला, पाटाच्या पाण्याखालचं. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा सारखे दोन तुकडे पडले आणि मध्ये एक अरुंद पट्टी सासूबाईंच्या नावावर राहिली. म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये म्हणून आमच्याकडे असा एक तुकडा आईवडिलांसाठी मागे ठेवतात. ती पट्टी काळीभोर, विहिरीला लागून, पाणी पाजायला सगळ्यात सोपी. तिच्या एका अंगाला माझं रान, दुसऱ्या अंगाला धाकट्या जावेचं. सासरे गेल्यावर सासूबाई ती स्वतःच करायच्या. बैल भाड्यानं सांगायच्या, पेरणी पुढे उभं राहून करून घ्यायच्या, खुरपायला स्वतः बसायच्या. गेल्या उन्हाळ्यात मात्र त्यांचे गुडघे बसल्यावर उठू देईनात. त्यांनी पट्टी नांगरून तशीच ठेवली आणि आम्हा दोघींना बोलावून सांगितलं की आता ती दोघींपैकी एकीनं करायची. दोन तुकडे करण्याइतकी ती रुंद नव्हतीच.

"दोघींचं सोयाबीन घरात येऊ द्या," त्या म्हणाल्या, "मंग सांगते कुनी करायची ते."

झालं. मला एवढंच पुरलं. परीक्षा आहे असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या, ते मी ठरवलं. जिचं सोयाबीन चांगलं तिला पट्टी. त्या दिवसापासून मला ती पट्टी पाहिजे होती, आणि खरं सांगायचं तर ती तिला मिळू नये हे मला त्याहून जास्त पाहिजे होतं.

धाकटी पुणतांब्याकडची, गोदाकाठची. तिच्या माहेरी बारमाही पाणी. मी पाथर्डीच्या वरल्या अंगाची. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची. आम्ही नाही गेलो कधी, पण आमच्याकडे होती ती बाजरी, मटकी आणि आभाळाकडे बघत बसणं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी या घरात पाच-सहा वर्षं मुरलेली होते. म्हशी कोणाला दूध देतात, कोणाला लाथ देतात, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला चहा कसा लागतो, सगळं मला ठाऊक. आणि ही बाई आली, हळू आवाजात बोलू लागली आणि वर्षभरात सासूबाई तिच्या हातची भाकरी मागून खाऊ लागल्या. तिची भाकरी चांगली असते. हे लिहितानासुद्धा मला जड जातंय.

पेरणी दोघींची एकाच दिवशी झाली. ट्रॅक्टर तोच, बियाणं एकाच दुकानातलं, खत सारखं. आधी तिचं पेरून ट्रॅक्टर पट्टीवरून माझ्या रानात आला, एवढाच फरक. उगवण अशी झाली की बांधावर उभं राहून कुणालाही ओळखता आलं नसतं कोणतं कुणाचं. मला ते बरं वाटलं. आता इथून पुढे काय होईल ते ज्याच्या त्याच्या हातानं होईल, असं मनात म्हटलं आणि कंबर कसली.

खुरपणीला आमच्याकडे बायकांची सावड असते. आज सगळ्या जणी एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, दिवसाला दिवस फेडायचा. पाळ्या लावायला आम्ही विहिरीपाशी बसलो. मी सगळ्यांत थोरली म्हणून पहिली पाळी माझी असं बायकांनी धरूनच ठेवलं होतं. तेवढ्यात धाकटीनं मला विचारलं, ताई, पहिली पाळी मी घेऊ का?

मी तिच्या रानात बघून आले होते. गवत नखाएवढं. केन्याला दोन पानं, माठाला दोन पानं, ती पण मातीला चिकटलेली. मला हसू आलं. खुरप्याला सापडायला तर पाहिजे, मी म्हटलं, आणि बायकाही हसल्या. मी मोठ्या मनानं पहिली पाळी देऊन टाकली. मोठं मन कसलं, माझा हिशेब वेगळा होता. गवत सगळं एकदा वर येऊ द्यायचं आणि मग सगळ्या बायका एकदम घालून एकाच खुरपणीत रान निपटून काढायचं. नाहीतर आज काढलं की आठ दिवसांनी दुसरं येतं आणि सावडीचे दिवस फुकट जातात. माझ्या माहेरी असंच करत. बाजरीत गवत झालं तरी कुणाच्या पोटात गोळा येत नसे. बाजरी एकदा उचलली की गवताला खाली दाबून पुढे निघून जाते, मग सवडीनं एक कोळपणी दिली की काम झालं. सोयाबीन बाजरीसारखं नाही, हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही. नवऱ्यानं एकदा जेवताना सांगितलं होतं की त्याला पहिला महिना-दीड महिना गवताचा त्रास होता कामा नये. त्यांच्या खात्यातला कुणीतरी म्हणत होता म्हणे. मी म्हटलं, तुमच्या खात्यात काय सोयाबीन पेरतात का, आणि त्याला आणखी एक भाकरी वाढली.

म्हणून मी शेवटची पाळी मागून घेतली आणि पहिले दिवस दुसऱ्यांच्या रानात घालवले. धाकटीकडेही बसले. तिची खुरपणी म्हणजे डोळ्यांची परीक्षा. एकेक नखभर झाड उपटायचं, आणि केना हाताला लागला की तो तिथंच टाकायचा नाही, पदराच्या ओच्यात घालून बांधापलीकडे नेऊन टाकायचा. टाकला तिथं केना पुन्हा मुळं धरतो, ती म्हणाली. हे मलाही माहीत होतं. पण ते तिनं बायकांपुढे सांगितलं म्हणून मी माझ्या हातातला केना मुद्दाम तिथंच टाकला.

माझी पाळी यायच्या आदल्या दिवशी झड लागली. पाऊस जोरात पडून गेला असता तर बरं झालं असतं. हा असा बारीक, थांबून थांबून, दिवसाउजेडी दिवा लावायला लावणारा. रानात वाफसा होईना. पाय टाकला की पोटरीपर्यंत चिखल, खुरपं मातीत घुसलं की मातीच घेऊन वर यायचं. नवरा म्हणाला आता तणनाशक मार. ते मारायचं तर गवताच्या अंगावर टिकायला थोडी तरी उघडीप पाहिजे, आणि ती मिळेना. जेव्हा एक दुपार मिळाली तेव्हा पंप पाठीवर घेऊन मीच मारलं, पण तोवर गवत औषधाच्या पलीकडे गेलं होतं. सोयाबीनची पानं थोडी पिवळी पडली, केना मात्र न्हाऊन निघाल्यासारखा हिरवागार उभा.

त्या झडीच्या दिवसांत मी रोज गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन बांधावर जाऊन उभी राहायचे. मध्ये सासूबाईंची नांगरलेली काळी पट्टी आणि पलीकडे तिचं रान. दोन ओळींच्या मधली माती स्वच्छ दिसत होती. नुसती माती! माती बघून कुणाचा जळफळाट झालाय का कधी, माझा झाला. माझ्या रानात ओळी कुठल्या हेच कळत नव्हतं. पेरणीबरोबर दिलेलं खत केन्यानं आणि माठानं खाल्लं होतं, आणि माझं सोयाबीन पंगतीत मागे राहिलेल्या पाहुण्यासारखं माना उंचावून बघत होतं.

पाऊस उघडला तेव्हा बायका आल्या. नखाएवढं गवत आता गुडघ्याशी आलं होतं. माठ उपटायला गेलं की त्याच्या मुळाला गुंतून सोयाबीनचं झाड वर यायचं. हराळी तर खुरप्याला दादच देत नव्हती. तिच्याकडे जे काम एका दिवसात उरकलं होतं त्याला माझ्याकडे दिवसांवर दिवस लागले. बायका तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण कमरेला हात लावून उभ्या राहायच्या तेव्हा मला ऐकू यायचं. सावडीत प्रत्येकीनं आपापली पात धरायची, म्हणजे दोन-तीन ओळींचा पट्टा, आणि तो टोकापर्यंत खुरपत न्यायचा. माझी पात सगळ्यांच्या मागे राहिली, कारण दर दोन हातांवर मी मान वर करून धाकटीची पात कुठे पोचली ते बघत होते. ती पोचली, पाणी प्यायली आणि पलीकडच्या टोकाकडून माझ्या पातीत उलटी खुरपत माझ्याकडे यायला लागली. मागे राहिलेल्या म्हातारीची पात अशी काढून देतात. मी काही म्हातारी नव्हते. आमची खुरपी मधोमध भेटली तेव्हा तिनं नुसतं कपाळाचं पाणी पुसलं आणि पुढची पात धरायला गेली. बोलली असती तर मला तोडून बोलता तरी आलं असतं.

आणि मग गंमत झाली. खुरपणीनंतर माझं सोयाबीन जे सुटलं, ते पोळ्याच्या सुमारास तिच्या सोयाबीनच्या वर गेलं. चांगलं हातभर नाही, पण बांधावरून सरळ दिसेल एवढं. तिचं बुटकं, पसरट, माझं ताठ आणि उंच. रस्त्यानं जाणाऱ्यांनी गाड्या हळू करून विचारलं, कोणती जात पेरली म्हणून. दोन्हीकडे एकच जात आहे हे सांगताना माझा आवाज दोन पाट ओलांडून जाईल एवढा मोठा होत असावा. मी काहीतरी निमित्त काढून धाकटीला बांधावर बोलावलं, म्हटलं बघ गं, खाली कीड दिसतीय का. कीड नव्हती. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, ताई, तुमचं लईच वाढलं. तेवढ्या एका वाक्यावर मी आठवडाभर गोड झोपले. सासूबाईंनाही हात धरून आणलं. त्या उंच झाडांकडे बघत उभ्या राहिल्या आणि गुडघे दुखतात म्हणून घरी गेल्या. मला वाटलं, धाकटीचं वाईट वाटलं असेल त्यांना. बिचाऱ्या.

गणपती गेले आणि माझ्या मनात खुट्ट झालं. माझ्या रानात वाऱ्यानं झाडं कलायला लागली होती, तिच्या रानात एकही नव्हतं कललेलं. नेवाशाच्या बाजाराचा दिवस होता, ती दीरांच्या मागे गाडीवर बसून गेलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली आणि भर दुपारी पट्टी ओलांडून तिच्या रानात शिरले. पानं बाजूला केली. मला आत हात घालायला जागा नव्हती. झाडाला बुडापासून फांद्या आणि फांद्यांना बुडापासून शेंगा, घोसच्या घोस, मातीला टेकलेल्या. ओळी एकमेकींत अशा मिटलेल्या की खाली ऊन पोचत नव्हतं, मग गवत कुठून उगवणार. मी परत आले आणि माझ्या झाडाची पानं बाजूला केली. कमरेपर्यंत नुसती काठी. वर शेंड्याला चार शेंगा, त्याही चपट्या. ती उंची कसली होती ते मला तेव्हा कळलं. गवतातून मान काढून ऊन मिळवायला ते बिचारं नुसतं लांब झालं होतं, फांद्या फोडायच्या दिवसांत त्याला त्यातच सगळा जीव घालावा लागला होता. नंतर मी गवत काढलं खरं, पण गेलेले दिवस काही खुरप्यानं परत येत नाहीत.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो सगळा तिच्यावर. मी पुन्हा तिच्या रानात गेले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून तण शोधलं. विहिरीकडच्या कोपऱ्यात एक माठाचं झाड सापडलं, तुरा आलेलं. त्या दिवसांतलं माझं तेवढंच सुख. मी त्याला हातही लावला नाही, तुरा वाळून त्याचं बी तिच्या रानात पडो म्हणून तसंच ठेवून आले.

दसऱ्यानंतर सोयाबीन कापलं, सोंगणी झाली. मळणी यंत्र एकच, त्यामुळे दोघींचं सोयाबीन एकाच अंगणात एकाच दिवशी झालं. आधी माझं घातलं. यंत्र धडधडलं, भुसा उंच उडाला, आणि पोती भरता भरता माझी गंजी इतक्या लवकर संपली की यंत्रवाला ती माझी सगळी का म्हणून विचारायला आला. दाणाही बारीक, मूठ भरून घेतला तर बोटांच्या फटीतून गळणारा. मग तिचं सुरू झालं ते चालूच राहिलं. तिच्या पोत्यांची थप्पी भिंतीला लावली ती खिडकीच्या वर गेली. माझ्या थप्पीवर मांजर येऊन बसलं होतं.

सासूबाई भिंतीशी रिकाम्या गोणीवर बसून बघत होत्या. यंत्र थांबलं, गडी गेले, नवरा आणि दीर ट्रॉली सोडायला बाहेर गेले. धाकटी दाभण घेऊन पोत्यांची तोंडं शिवत बसली. आता त्या सांगणार हे मला माहीत होतं आणि मी तयार होते. खरंच तयार होते. आठ दिवसांपासून मी मनातल्या मनात बोलून बघत होते. तुम्हाला ती पहिल्यापासूनच आवडते, माझ्या रानाला पावसानं गाठलं त्यात माझा काय दोष, पहिली पाळी मी दिली नसती तर तिचं काय झालं असतं, असं सगळं. कुठे आवाज चढवायचा तेही ठरलं होतं.

"पट्टी थोरलीनं करावी," सासूबाई म्हणाल्या. "हरभरा टाक. वल हाय तवर टाक."

मला वाटलं त्या चुकून बोलल्या. वय झालंय, थोरली-धाकटी उलटं झालं असेल.  एवढं सगळं जमवून ठेवलेलं बोलणं फुकट गेलं. मी विचारलं, मला का? तिचं बघा की केवढं झालंय.

"म्हनूनच," त्या म्हणाल्या. "तिचं तिला पुरतंय. आनि मी कुठं आज ठरवलं? पेरनीच्या आधीच ती मला म्हनली हुती, पट्टी ताईला द्या. मीच म्हनलं, दम धर, आधी सोयाबीन तर घरात येऊ दी."

पेरणीच्या आधीच. म्हणजे मी पहिल्या पाळीवर हसले तेव्हा, झडीत बांधावर उभी होते तेव्हा, उंच सोयाबीन दाखवायला तिला बोलावलं तेव्हा, ही पट्टी माझीच होती. ती धावतच नव्हती. मी एकटी धावत होते आणि एकटी धावून हरले होते.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आता तरी काहीतरी दिसेल म्हणून बघितलं. विहिरीकाठची काळी माती हातातून गेली, जिनं रान एवढं निर्मळ ठेवलं तिला न मिळता जिच्या रानात केना माजला तिला मिळाली. ओठ तरी आवळले जातील, दाभण तरी टोचेल. तिनं पोत्याची शेवटची गाठ मारली, सुतळी दातानं तोडली आणि म्हणाली, "ताई, हरभऱ्याला पयली सावड तुमच्यातच घेऊ. गवत बारीक हाय तवरच."

आता पट्टीत माझा हरभरा उभा आहे आणि चांगला आहे. पहिल्याच पाळीत खुरपला, ती माझ्या शेजारच्या पातीत होती. बायका म्हणतात, पट्टी मिळाली, आता तरी थोरलीचं मन निवलं असेल. त्यांना काय सांगू. जिच्यापासून पट्टी राखायला मी सगळा पावसाळा जळत काढला, तिला ती नकोच होती, आणि माझ्या हरभऱ्याकडे ती एकदाही मान वळवून बघत नाही. असं न बघता जगायला कसं जमतं या बाईला, याचा मला आता पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटतो.